तिला मी घातलेली अंघोळ

आमच्या गल्लीत कुणी बाई वारली की मला बोलवायला यायचे. हे काम माझ्याकडे सासूबाईंकडून आलं. घाटकोपरच्या या डोंगरावर त्यांनी खोली बांधली तेव्हा वर चार-पाचच घरं होती. तेव्हापासून गेलेल्या बाईला शेवटची अंघोळ त्याच घालायच्या. गुडघे गेल्यावर त्या मला मदतीला नेऊ लागल्या. पुढे त्या स्वतः गेल्या, त्यांची अंघोळ मी घातली, आणि मग सगळे मलाच बोलवू लागले.

मला ते काम जमायचं, कारण त्यात बोलावं लागत नाही. हळदीकुंकवाला गेले तरी मी दाराशी बसते, वाण घेते आणि निघते. चार बायकांत कुणी माझं नाव घेऊन काही विचारलं तर माझी मान गरम होते. गेलेल्या बाईजवळ मला कधी संकोच वाटला नाही.

रीत अशी आहे. दोन बायका एक जुनी साडी आडवी धरतात आणि तोंड बाहेर करून उभ्या राहतात. आत फक्त अंघोळ घालणारी. डोक्यापासून सुरुवात करायची, पायापर्यंत यायचं. नखांतली घाण काडीने काढायची. सवाष्ण असेल तर तोंडाला, गळ्याला, हातापायांना हळद लावायची, मळवट भरायचा, हिरवी साडी, हिरवा चुडा. आणि आत जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही. सासूबाई त्या बाबतीत फार कडक होत्या. "तिनं जन्मभर झाकलंय, ते आपण उघडं करणाऱ्या कोण?" असं त्या म्हणायच्या.

मी कधीच बोलले नाही. एका म्हातारीच्या दंडावर दुसऱ्याच कुणाचं नाव गोंदलेलं होतं. एकीच्या मांडीवर उलथन्याचे जुने डाग होते, एकाखाली एक, पाच. तिचा नवरा बाहेर छाती पिटून रडत होता. मी डागांवरून हात फिरवला, साडी नेसवली, घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि गप्प बसले. तेव्हा मला वाटायचं, मी विश्वासाची बाई आहे.

यातलं बरंचसं मी कोर्टात सांगितलं. पण तिथे विचारतील तेवढंच सांगायचं असतं. उरलेलं इथे लिहिते. मुलीची कॉलेजची वही अर्धी कोरी पडली होती, तिच्यात.

ती आमच्या भिंतीपलीकडे राहायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. दहावी पास. स्टेशनपलीकडच्या बिल्डिंगांत पोळ्या करायला जायची. नळावर हंडा लावला की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची.

"ताई, तुझा आवाज ऐकायचा तर तिकीट काढावं लागतं काय गं?" ती मला म्हणायची. मी हसले की ओरडायची, "बघा, बघा, हसली! आज पाणी जास्त वेळ येणार."

तिचा नवरा मॉलमध्ये सिक्युरिटीला होता. मला वहिनी म्हणायचा, मान खाली घालून बाजूने निघून जायचा. तो दारू पीत नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण सगळे आधी तेच विचारतात. ती फोनवर बोललेली त्याला खपत नसे, एवढंच आम्हाला माहीत होतं.

आमच्या दोन खोल्यांमधली भिंत एका विटेची. वर पत्र्याखाली वीतभर फट. तिकडे चमचा पडला तरी इकडे कळतं. म्हणून गल्लीत सगळ्यांनी एक पद्धत धरलेली आहे. शेजारी नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं की आपला टीव्ही मोठा करायचा. दुसऱ्या दिवशी नळावर त्यांना तोंड दाखवायला लाज वाटू नये म्हणून. माझ्या घरातले आवाज झाकायला तिनेही कधीतरी टीव्ही मोठा केला असेल. आम्ही त्याला माणुसकी समजत होतो.

मग लॉकडाऊन लागला. मॉल बंद, तो घरी. बिल्डिंगवाल्यांनी कामवाल्या बायकांना गेटवरूनच परत पाठवलं, ती घरी. माझ्या नवऱ्याची रिक्षा खाली रस्त्याला उभी, तेही घरी. मी साड्यांना फॉल-बिडिंग करते. ते काम बंद पडलं म्हणून मशिनवर मास्क शिवत बसायचे. पहिल्या पंधरा दिवसांत टीव्ही एकदा-दोनदा मोठा करावा लागला असेल. नंतर रोज करावा लागायचा, आणि दुपारी पुन्हा एकदा.

ती नळावर यायची तेव्हा मास्क डोळ्यांच्या खालपर्यंत ओढलेला असायचा. तेव्हा सगळ्यांचीच तोंडं झाकलेली. एकदा पाणी प्यायला तिने मास्क खाली केला आणि मी तिचा फुटलेला ओठ बघितला. मी बघितलं हे तिने बघितलं. तिने मास्क परत वर ओढला.

दोन दिवसांनी म्हणाली, "ताई, तुझा फोन दे ना पाच मिनिटं. माझा त्याने कपाटात घालून कुलूप लावलंय."

मी फोन दिला. संडासाच्या रांगेच्या मागे, भिंतीला टेकून ती बोलली. बायकांसाठी मदतीचा एक नंबर असतो, तो तिने कामावरच्या एका मॅडमकडून घेतला होता. परत आली ती वेगळीच दिसत होती. डोळे चमकत होते.

"ताई, तुला माहितीये, घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. त्यात त्याला घराबाहेर काढता येतं. मला नाही हां, त्याला! ऐकलंयस कधी?"

मी ऐकलं नव्हतं. घर सोडून निघते ती बाईच, असं मी समजून होते.

"मग कधी काढणार?" मी विचारलं.

"तिथेच तर वाट लागलीये. संरक्षण अधिकारी म्हणून एक बाई असते, ती आपला अर्ज कोर्टात देते. ती बाई गेलीये कोरोनाच्या ड्युटीवर. आणि कोर्ट म्हणे फक्त अर्जंट तेवढंच घेतंय. मी विचारलं, मॅडम, अर्जंट म्हणजे किती?" असं म्हणून ती हसली. "त्या बिचाऱ्या गप्पच झाल्या."

फोनवरच्या बाईने तिला सांगितलं होतं, जे जे होतं ते तारीख टाकून लिहून ठेवा. तिने वहीच्या पानावर लिहिलं. भाजीच्या रांगेतून ती एकदा चौकीवरही गेली. तिथे त्यांनी तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं, शिव्या दिल्या, आणि दोघांना बरोबरच परत पाठवलं. बाहेर फिरू नका, घरात रहा, म्हणाले. त्या दिवशी मी टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला तरी ऐकू येत होतं.

तिची धाकटी बहीण मानखुर्दला राहते; माझ्याच फोनवरून ती तिच्याशीही एकदा बोलली होती. घाटकोपरहून मानखुर्द काही परदेश नाही. पण गाड्या बंद होत्या, बसला ओळखपत्र लागायचं, आणि बहिणीची गल्ली बांबू लावून बंद केलेली. तेव्हा तिने मला विचारलं.

"ताई, चार-पाच दिवस तुझ्याकडे झोपू का? तिची गल्ली उघडली की जाते मी."

"यांना विचारते," मी म्हणाले.

माझा नवरा वाईट माणूस नाही. ते म्हणाले, "बाहेरचं माणूस घरात? या दिवसांत? आणि तो येऊन दारात बोंबलला तर काय सांगायचं?" मी पुढे काही बोलले नाही. तिला नाहीसुद्धा म्हणाले नाही. तिची नळाची वेळ टाळून मी पाण्याला जाऊ लागले, एवढंच केलं. तिला न कळण्यासारखं काय होतं त्यात.

तीन दिवसांनी तिने मला दारातच गाठलं आणि घडी घातलेला कागद हातात कोंबला. "हा तरी ठेव. एवढी तरी जागा आहे ना?"

तिने लिहिलेलं ते पान होतं. मी ते फॉलसाठी आलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यात, मधल्या एका साडीच्या घडीत ठेवलं.

मे महिना होता. सकाळचे दहा वाजले असतील. मी मास्कना इलॅस्टिक लावत होते. पलीकडे त्याचा आवाज चढला, मग तिचा. काहीतरी जड भांडं पडलं. मी उठून टीव्ही मोठा केला आणि परत मशिनवर बसले. बातम्या चालू होत्या. काही वेळाने आवाज कमी करून बघितलं तर पलीकडे एकदम शांत. मला बरं वाटलं. मिटलं, असं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून विसरू शकत नाही. छातीवरून खरोखरच दगड उतरावा तसं मला त्या क्षणी वाटलं होतं, आणि त्याच क्षणी ती भिंतीपलीकडे होती.

अर्ध्या तासाने दार वाजलं.

"वहिनी, बघा ना, मोरीत पाय घसरला तिचा. उठत नाहीये." त्याने फुल बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटाची बटणं लावलेली. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

आता बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण गल्लीत कुणीच हॉस्पिटलचं नाव काढलं नाही. आठवडाभरापूर्वी मागच्या गल्लीत एक म्हातारा पॉझिटिव्ह निघाला होता. त्याच्या शेजारच्या सगळ्या घरांतली माणसं बसमध्ये घालून शाळेत नेऊन ठेवली होती. आम्ही सगळ्यांनी ती बस बघितली होती. हॉस्पिटलला नेलं की टेस्ट होणार, टेस्ट झाली की गल्ली सील होणार, हे प्रत्येकाच्या डोक्यात होतं. खालच्या डॉक्टरने दाराबाहेर उभं राहून बघितलं, काय झालं ते नवऱ्याला विचारलं आणि मृत्यूचा दाखला लिहून दिला. "पटकन आवरा," जो तो म्हणत होता. कुणीतरी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "वहिनींना सांग, जास्त वेळ लावू नका म्हणावं."

दोन बायकांनी साडी धरली. तोंडं बाहेर.

मी तिचे केस सोडले. ओले केस बाजूला केले आणि गळा बघितला. उजव्या बाजूला चार, डाव्या बाजूला एक. बोटांएवढे निळे डाग. कानाच्या मागे ओरखडा होता. पापणी मिटवायला गेले तर डोळ्यांत लाल ठिपके होते, कुंकू सांडावं तसे. मोरीत पडून गळ्यावर बोटं उमटत नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. चौथी शिकलेल्या बाईलाही ते कळतं.

"झालं का गं?" साडी धरलेल्यांपैकी एक म्हणाली.

"होतंय," मी म्हणाले.

आणि मी माझं काम केलं. काडी घेतली आणि तिची नखं साफ केली, एकेक. उजव्या हाताचं एक नख मुळापासून तुटलं होतं. बाकीच्यांखाली काहीतरी होतं, ते काढून मी पाण्याबरोबर सोडून दिलं. मग हळद कालवली. दरवेळी बोटाने लावते, तशी गळ्याला लावली, आणि डाग दिसत राहिले म्हणून आणखी लावली. आणखी. दाट. हिरव्या साडीचा पदर मानेवरून पुढे आणून खोचला. बाहेर आले तेव्हा बायका म्हणाल्या, "किती छान दिसतेय, झोपलीये जशी."

मी ते का केलं, हे मला नंतर पोलिसांनी, वकिलांनी, तिच्या बहिणीने, सगळ्यांनी विचारलं. मी घाबरले होते हे खरं. तो दाराबाहेर उभा होता हेही खरं. पण हळद लावताना माझ्या मनात भीती नव्हती. तिची लाज झाकते आहे, असंच मला वाटत होतं. जशी बाकीच्यांची झाकली तशी. तिची कसली लाज, ती तर त्याची होती, एवढा साधा विचार माझ्या हातांना सुचला नाही.

तिला नेलं तेव्हा माझ्या फोनवर तिच्या बहिणीचे फोनावर फोन येत होते. मी उचलला नाही.

बहीण आली ती गल्ल्या उघडल्यावर, अर्धा रस्ता चालत. त्याच्या दारात गेली नाही, सरळ माझ्याकडे आली. माझ्याहून कितीतरी लहान, पण त्या दिवशी म्हाताऱ्या बाईसारखी भिंत धरून बसली.

"ताई, अंघोळ तुम्ही घातलीत ना? काय दिसलं?"

आत माझा नवरा होता. पलीकडे तो होता, आणि वर ती फट.

"काही नाही," मी म्हणाले.

"काहीच नाही?"

"नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणाली. मी चहा ठेवला होता, तो न घेताच उठली. तो कागद तेव्हा तिच्यापासून दोन हातांवर होता. मी तो दिला नाही.

पुढचे पाच-सहा महिने मी कशी जगले ते मला नीट सांगता येणार नाही. काम आलं, फॉल लावले, डबे केले. पण आमटीत हळद टाकायला चमचा उचलला की बोटं अडायची. घरातल्यांना वाटायचं मी विसरते. "आज आमटी पांढरी का?" मुलगी विचारायची. भर दुपारी, सगळे कामात असताना, पलीकडून चमचा पडल्याचा आवाज यायचा. तो एकटाच राहत होता, जेवत असेल, भांडी घासत असेल. पण माझा हात आपोआप टीव्हीकडे जायचा. मग मी हात मागे घ्यायचे आणि कान देऊन बसायचे, तिचा आवाज येतो का म्हणून. आता ऐकायला मी तयार होते.

दिवाळीच्या आधी तो पेढे घेऊन आला.

"वहिनी, घ्या. गावाकडे मुलगी बघितलीये. लहान आहे, पण कामाला चांगली आहे म्हणे. घरात बाई नाही तर घराला घरपण नाही, काय?"

"चांगलं झालं," माझा नवरा म्हणाले.

मी पेढा घेतला. हातात धरून उभी राहिले. एवढंच डोक्यात होतं की आता या भिंतीपलीकडे कुणीतरी येणार आहे, ती नळावर येईल, मला ताई म्हणेल.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाते सांगून मी बस पकडली आणि मानखुर्दला गेले. बहिणीच्या दारात उभी राहिले. मी कागद पुढे केला. तिने उभ्या उभ्या तो वाचला. शेवटची ओळ मला पाठ आहे, "मला काही झालं तर पाय घसरला असं समजू नये." तिने ते आधीच लिहून ठेवलं होतं. मी तो कागद तेव्हाच उघडला असता तर मोरीचं नाव ऐकताच मला समजलं असतं.

"तुम्ही खोटं बोललात," बहीण म्हणाली.

"हो."

"आता खरं बोलाल? माझ्यापुढे नाही. तिकडे?"

मी मान हलवली. ती म्हणाली, "तोंडाने बोला, ताई. तिथे मान चालत नाही."

"बोलेन," मी म्हणाले.

घरी आल्यावर नवरा माझ्यावर पहिल्यांदाच इतके ओरडले. "तुलाच आत टाकतील! पुरावा तू धुतलास, तो नाही!" यात खोटं काही नव्हतं. मलाही तीच भीती होती. दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बहीण खाली रस्त्यावर येऊन उभी राहिली, वर आली नाही. मी चप्पल घातली. नवरा दारात होते. म्हणाले, "थांब, रिक्षा काढतो."

पोलीस स्टेशनात एक मॅडम होत्या. मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. नखांपाशी आल्यावर त्यांचं पेन थांबलं.

"नखं साफ केलीत?"

"हो."

"आणि गळ्यावर हळद?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "काय केलंत हो बाई." मग त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. मी विचारलं, "मला अटक होणार का?"

"त्याला वाचवायचं म्हणून केलंत?"

"नाही. रीत आहे तशी."

"मग रीत आहे म्हणून केलं, असं लिहिते. जे जसं केलंत तसं सांगा. काही झाकू नका."

तो पकडला गेला. लग्न मोडलं. गावच्या त्या मुलीला मी कधी बघितलं नाही, तिला माझं नाव माहीत नसेल. डॉक्टरलाही बोलावलं. त्यांनी सांगितलं, त्या दिवसांत कुणीच जवळ जात नव्हतं. तेही खरंच होतं. साडी धरलेल्या दोघी म्हणाल्या, आमची तोंडं बाहेर होती, आम्ही काही बघितलं नाही. त्याही खोटं बोलत नव्हत्या. बघितलेली मी एकटी.

पुढे त्याला जामीन मिळाला, पण या भागात पाय ठेवायचा नाही या अटीवर. त्याच्या खोलीला कुलूप आहे. गल्लीत आमच्याशी बोलणं कमी झालं. "आतलं बाहेर सांगितलं हिनं," एक काकी नळावर माझ्यादेखत म्हणाल्या, "उद्या आमचंही सांगेल." त्यानंतर गल्लीत दोन बायका गेल्या. मला कुणी बोलवायला आलं नाही. मी दारात उभी राहून बघितलं, दुसरीच कुणीतरी आत गेली. मला वाईट वाटलं, आणि आत जावं लागलं नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटलं.

कोर्टात माझी साक्ष यायला वर्षं गेली. तारखा पडत राहिल्या. शेवटी बोलावलं तेव्हा मला वाटलं माझा आवाज फुटणारच नाही. पहिलं वाक्य बोलले तर न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, "मोठ्याने बोला, लिहून घ्यायचंय."

त्याचा वकील सभ्य होता. बाई, बाई करत विचारत होता.

"बाई, शिक्षण किती?"

"चौथी."

"खोलीत उजेड किती होता?"

"ट्यूबलाइट होती."

"हळद, ओलं अंग, पत्र्याची खोली. सावली आणि निळं यातला फरक तुम्हाला कळतो?"

मी तोवर खालीच बघत होते. म्हणाले, "मी साड्यांना फॉल लावते. शंभर निळ्यांतून एक निळा जुळवायचा असतो. रंग कळतो मला."

मागे कुणीतरी हसलं. त्याने हातातला कागद उलटला. मग म्हणाला, "एवढं कळत होतं तर तेव्हाच का नाही सांगितलं? भीती वाटत होती?"

"हो."

"कोणाची?"

"सगळ्यांची."

"म्हणजे तुम्ही सगळ्यांना घाबरता, बहिणीला खोटं सांगता, पुरावा धुता, आणि आज कोर्टाने तुमच्यावर विश्वास ठेवायचा?"

हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते. न्यायाधीश मॅडमनीच मग मला विचारलं, डाग कुठे होते ते दाखवता येईल का. मी माझा हात माझ्या गळ्याला लावला. इकडे चार, इकडे एक. तो समोर बसला होता. पांढरा झाला होता, बारीक. त्याने माझ्या हाताकडे बघितलं नाही. आपल्या मांडीवर ठेवलेल्या हातांकडे बघत होता.

निकाल अजून लागलेला नाही. काय लागेल ते सरकारी वकिलालाही सांगता येत नाही. शरीर नाही, नखं नाहीत, एक कागद आहे आणि मी आहे.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी आणि तिची बहीण बसलो होतो. इतक्या वर्षांत तिने मला डागांशिवाय दुसरं काही विचारलं नव्हतं. एकदम म्हणाली, "ताई, तिचे केस विंचरले होतेत का?"

"हो. गुंता झाला होता, तो सोडवला. तेल लावलं. वेणी घातली."

"भांग कुठे पाडलात?"

मी आठवलं. मळवट भरायचा म्हणून मी भांग मधोमध पाडला होता. तसं सांगितलं.

"ती डावीकडे पाडायची," बहीण म्हणाली. "मधला तिला आवडत नव्हता. कपाळ मोठं दिसतं म्हणायची."

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत असणार. घराबाहेर पडली की डोक्यावरून ओढणी घ्यायची ती." मग ती रडली, तोंड माझ्या खांद्याला लावून, आवाज न करता. आतून शिपाई पुढच्या खटल्याचं नाव पुकारत होता. आम्ही बाकावरून उठलो नाही.